लिंबाची तब्येत

लॅबमधले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. ते फ्रीजमागच्या धुळीसारखे साठत जातात. आमचे सांगायला बसलो की आधी हसू येतं, आणि मग चहा तसाच गार होतो.

निघोज्यात आमची छोटी लॅब आहे; मॅडम प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. जखमेवर लावायची जेलची पट्टी आम्ही बनवतो. टॉर्च मारला की ती चमकते. जखमेत आम्ल असलं तर हिरवी, म्हणजे भरतेय. नारिंगी दिसली, तर चिघळतेय, डॉक्टर गाठा!

*

पहिली पट्टी तयार झाली, पण तपासायला जखम कुठून आणायची? आमचे अटेंडंट बबनकाका गावातलेच. लॅब उभी आहे ते शेत एकेकाळी त्यांचंच होतं. त्यांनी डब्यातलं लिंबू पुढे केलं. पट्टी लख्ख हिरवी!

"लिंबाची तब्येत झ्याक हाय, म्याडम!"

*

एकदा सगळ्याच पट्ट्या नारिंगी. तीन दिवस आम्ही फॉर्म्युला तपासत बसलो. शेवटी कळलं, आमचा हेल्पर, काळेवाडीचा सचिन, ट्रे कपड्यांच्या साबणाने घासत होता, आणि साबण म्हणजे आम्लाच्या अगदी उलट.

मॅडम भडकल्या. सचिन म्हणाला, "स्वच्छ पाहिजे असं तुम्हीच म्हणालात ना!"

*

पाहुणे डेमो बघायला आले. एकाने विचारलं, "माणसावर वापरलीत का?" मॅडम म्हणाल्या, अजून परवानगी नाही.

चहाचा ट्रे धरून काका म्हणाले, "माझ्यावर वापरा की! शुगर हाय, अंगठ्याला जखम बी हाय."

सगळे हसले. पाहुणे गेल्यावर मॅडमनी तो पाय बघितला. मग कुणी हसलं नाही.

*

डॉक्टरांनी आम्हाला बजावलं, शुगरने पाय बधिर झालाय, दर आठवड्याला दाखवा, चिघळली तर पाय जाईल. काका रिजेक्ट पेटीतल्या पट्ट्या उचलून लावायचे. मॅडम ओरडायच्या आणि रोज सकाळी स्वतःच टॉर्च मारायच्या. नारिंगी. परत नारिंगी. मॅडमचं तोंड उतरायचं.

एका सोमवारी हिरवी! मॅडम रडल्याच. मी पिंपळे सौदागरहून पेढे आणले. आठवडाभर रोज हिरवी. "आता कशाला डॉक्टर, काका?" असं मीच म्हणालो. त्याची लाज अजून जात नाही.

नंतर काकांना ताप चढला. हॉस्पिटलमध्ये नर्सने पट्टी सोडवली, तर खाली लिंबाची बी.

ऑपरेशननंतर मी भेटायला गेलो. चादर एका बाजूला सपाट होती.

"काका, लिंबू पिळलंत?"

"म्याडमचं तोंड बघवंना, राव."

"अहो, पण उघड्या जखमेवर! झोंबलं नाही?"

"न्हाई ना! म्हनून तर वाटलं, बरी झाली."