छातीवरचा डाग आणि आमच्या सासूबाई

काल मुलुंडला छातीचा एक्स-रे काढायला गेले होते. पाच मिनिटांत काम, रिपोर्ट थेट मोबाइलवर! आणि मला माझा पहिला 'फोटो' आठवला... पन्नासच्या दशकातला.

तेव्हा एक्स-रेला सगळे फोटोच म्हणायचे. मी नवी नवरी, सासर मुलुंडलाच. ताप येऊन गेला, पण खोकला काही पाठ सोडेना, म्हणून डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला पाठवलं.

सोबत सासूबाई. मालवणकडच्या, आवाज असा की आमच्याकडे आज काय शिजलंय ते अख्ख्या चाळीला कळावं. तिथे गळ्यातलं सगळं काढायला सांगितलं आणि झाली पंचाईत! लग्नाला वर्षही झालं नव्हतं... मंगळसूत्र काढायचं?

शेवटी त्यांनीच ते काढून मुठीत घट्ट धरलं. "मोकळो गळो बरो दिसना नाय गो," म्हणत माझी तेल चोपडलेली जाडजूड वेणी पुढे ओढून गळ्यावरून सोडली आणि बाहेर गेल्या. मी पाटीला छाती टेकवून उभी, फोटो काढणारा माझ्या पाठीमागे.

फोटो आला. डाव्या फुप्फुसावर, वरच्या बाजूला डाग!

त्या काळी डाग म्हणजे क्षय. अशा सुना गुपचूप माहेरी पोचवल्या जायच्या, परत कुणी बोलवायचं नाही.

डॉक्टर मात्र देवमाणूस. म्हणाले, डाग दिसला म्हणजे क्षयच, असं कुणी सांगितलं? जुन्या न्यूमोनियाचा व्रण असेल, एखादी गाठ असेल, कधी कधी फोटोच फसतो. थुंकी तपासू, आठवड्याने बघू, तोवर हिचं ताट वेगळं ठेवा.

दुसऱ्याच दिवशी मावससासूबाई हजर. मुलाला, म्हणजे आमच्या ह्यांना, लागण व्हायच्या आत हिला माहेरी धाडा, हाच धोशा. मी स्वयंपाकघरात दाराआडून ऐकत होते.

"मी सून हाडलंय, पावणी नाय," सासूबाई कडाडल्या. "बरी असांदे नायतर आजारी, ती हयच रवतली!" सून आणलीय, ती इथेच राहणार म्हणे... मी पदर तोंडात कोंबून रडले.

ताट वेगळं झालं, अगदी डॉक्टरांनी सांगितलं तसं. पण रोज आपलं ताट त्या माझ्या शेजारीच मांडायच्या.

आठवड्याने गेलो. थुंकीत काहीच निघालं नव्हतं. डॉक्टर फोटो खिडकीशी धरून बराच वेळ बघत राहिले, मग विचारलं, फोटोच्या वेळी अंगावर काय होतं? सासूबाई उसळल्या, "काय एक नव्हता! मंगळसूत्रसुद्धा माझ्या मुठीत होता!"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं... वेणीकडे बघितलं... आणि असे हसत सुटले! केस डोक्यावर बांधून, मंगळसूत्र परत सासूबाईंच्या मुठीत देऊन पुन्हा फोटो काढला. डाग गायब.

तिथेच सासूबाईंनी माझ्या गळ्यात मंगळसूत्र घातलं आणि दोनदा नीट सरळ केलं. घरी येईपर्यंत मात्र बडबड चालू, एवढी लांब वेणी हवी कशाला म्हणून. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच तेलाची वाटी घेऊन माझ्या मागे येऊन बसल्या.

काल त्या टेक्निशियन मुलीने सांगितलं, आजी, केस वर घ्या. आता कसली वेणी, बोटभर शेपूट! तरी घेतले.

रिपोर्ट नॉर्मल आहे. घरच्या ग्रुपवर टाकला, सगळ्यांचे अंगठे आले... पण मला तो सगळ्यात आधी सासूबाईंना सांगायचा होता.