भित्र्या कवायतबाई

आमच्या कवायतबाई भित्र्या होत्या. पालीला पुष्कळजणी भितात, त्यात नवल नाही. पण बाई विजेला भ्यायच्या, मोटारीच्या भोंग्याला भ्यायच्या, मोठ्या बाईंच्या चपलांचा आवाज व्हरांड्यात आला की पदर सारखा करत उगाच दोन पावलं मागं सरायच्या. मुलींना धीट करायला शाळेनं नेमलेली बाईच अख्ख्या साताऱ्यात सगळ्यात भित्री निघावी, याची आम्हाला भारी गंमत वाटे. पाठीमागं आम्ही त्यांना ‘भित्र्या बाई’च म्हणायचो. ते त्यांना ठाऊक होतं. ‘म्हना की,’ त्या म्हणायच्या, ‘भ्या वाटतंय तर न्हाई कशाला म्हनू?’

त्या वडूजकडच्या. माहेरी-सासरी दोन्हीकडे शेती, आणि दोन्हीकडची माणसं पलटणीत. लग्नानंतर नवऱ्यानंच हौसेनं त्यांना शिकवलं, कवायतीचा कोर्सही करायला लावला. मग लढाई सुरू झाली, तो बोटीत बसून गेला आणि बाई साताऱ्यात एक खोली घेऊन राहू लागल्या. वर्गात शुद्ध बोलायचा त्यांचा नेम होता, तो मैदानावर पाच मिनिटंही टिकत नसे.

त्या मैदानावर बाईंनी आम्हाला राउंडर्स शिकवलं. चेंडू टोलवायचा आणि चार खांबांना वळसा घालून परत यायचं, एवढाच खेळ. लढाईमुळं बाजारात धड बॅट मिळेना, म्हणून शाळेच्या सुतारानं बाभळीची एक घडवून दिली. ती बॅट कसली, मुसळाची धाकटी बहीणच! चेंडू तिच्यावर आदळला की कळ अशी काही सणकायची की बोटांपासून कोपरापर्यंत मुंग्याच मुंग्या. पहिल्याच दिवशी माझ्या हातातून बॅट गळून पडली आणि संध्याकाळी मला भाकरीचा घास मोडता येईना. घरी आई म्हणाली, ‘हात मोडून घेतलास तर पुढं तुला करून घेणार कोण?’

त्या दिवसापासून मी बॅटीला भ्यायला लागले. माझा डाव जवळ आला की मी रांगेत मागं मागं सरकायची. कळ लागू नये म्हणून मी बॅट गच्च आवळून धरायची, आणि जितकी आवळावी तितकी कळ जास्त. बाईंनी दोन-चार दिवस नुसतं पाहिलं. मग जवळ येऊन माझी बोटं एकेक करून सैल केली.

‘अगं कुसुम, एवढं आवळतीस कशाला? पाखरू धरल्यावानी धर. उडून जाऊ नये आनि मरू बी नये.’

‘पण बाई, मला भीती वाटते.’

‘मग वाटू दे की! भ्या जायाची वाट बघशील तर जलमभर खेळशील व्हय? भ्याला संगं घेऊन हुबं ऱ्हायाचं.’

मग त्यांनी बॅट दोन बोटांत लोंबती धरली आणि दुसऱ्या हातानं तिच्यावर चेंडू हळूहळू आपटत खाली सरकत गेल्या. मूठ धरतो तिथं माझा हात ठेवला होता. वर आपटलं की हात झणझणे, अगदी टोकाला आपटलं तरी झणझणे, पण मध्ये एक जागा अशी आली की चेंडू आपटल्याचं हाताला कळलंसुद्धा नाही. तिथं त्यांनी गेरूचा पट्टा ओढला. ‘हितं चेंडू घ्यायचा. हितं कळ न्हाई.’

कळ पुष्कळ कमी झाली, पण चेंडू काही दर वेळी गेरूवर येत नाही. मुठीवर सायकलची जुनी ट्यूब गुंडाळावी तर रबर सोन्याच्या मोलाचं झालेलं. चिंध्या गुंडाळून पाहिल्या, त्या घामानं सरकायच्या. मग एके दिवशी बाई खाकी लोकरी पट्टीची गुंडाळी घेऊन आल्या. शिपाई घोट्यापासून गुडघ्यापर्यंत पायाला आवळतात, ती पट्टी.

ती नवऱ्याची होती. जाताना जुना जोड तो घरी ठेवून गेला होता, ‘आल्यावर हाच बांधीन’ म्हणाला होता. ती ट्रंकेबाहेर काढायलाही बाई भीत असत. माणूस लढाईवर असताना त्याच्या वस्तूला हात लावू नये, असं त्यांच्या सासूनं सांगून ठेवलेलं. हे त्यांनी आम्हाला सांगितलं आणि आमचीच पाचावर धारण बसली. आम्ही ‘नको, नको’ म्हणत असताना बाईंनी मुठीवर पट्टी गुंडाळली. ‘कापायची तेवढी न्हाई,’ त्या म्हणाल्या. ‘त्यांनी पोरींचं हात असं सुजल्यालं बघितलं असतं तर आपनच दिली असती.’

रोज खेळ संपला की त्या पट्टी सोडायच्या, झटकायच्या आणि घट्ट गुंडाळी करून घरी न्यायच्या. रस्त्यानं लष्करी लॉरी गेली की त्यांचं लक्ष उडायचं. नवऱ्याची खबरबात येऊन बरेच महिने झाले होते. तो परत येईल ना, एवढी एकच भीती आता त्यांच्या आणि आमच्या मनात होती. पालीबिलीची थट्टा आम्ही केव्हाच सोडून दिली होती.

दिवाळीची सुट्टी जवळ आली होती. माझा डाव होता. शाळेचा शिपाई पळत आला आणि म्हणाला, ‘बाई, फाटकावर कोन तरी पलटनीतलं आलंय. तुमास्नी बोलीवत्यात.’

बाईंचा चेहरा असा उजळला की मी तो जन्मात विसरणार नाही. दुसऱ्याच क्षणी तो पांढराफटक पडला. त्या जागच्या हलेनात. माझं मनगट धरून पुटपुटल्या, ‘तू जा. त्येच हायत का बघ. माझ्यानं न्हाई बघवायचं.’

‘पण मी त्यांना ओळखणार कशी?’

‘कानं बघ. तालमीत मोडल्यात दोनी कानं. चुरगळल्यावानी दिसत्यात.’

मी फाटकापाशी गेले. पलटणीतला एक सावळा, हडकुळा शिपाई उन्हात उभा होता. मला पाहून त्यानं टोपी काढली. त्याचे दोन्ही कान सरळ होते, धड होते.

‘मी त्यांच्याच कंपनीतला. रजेवर आलोय,’ तो खाली बघत म्हणाला. ‘गावाकडं तार आलीया. घरच्या कुनाचं धाडस हुईना, म्हनून मला धाडलंय. बाई हायत का?’

मी तशीच मागं वळले. सगळ्या मुली आपापल्या खांबापाशी उभ्या होत्या. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी फक्त मान हलवली, नाही म्हणून. बाईंनी डोळे मिटले. आता त्या कोसळतील म्हणून मी त्यांना धरायला पुढं झाले.

‘उन्हात हुबं हाय व्हय ते?’ त्यांनी विचारलं. ‘जा, पानी आन.’

मी धावले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या सर्व्हिस मोटारीनं बाई वडूजला गेल्या आणि पुन्हा शाळेत आल्या नाहीत. मीही पुढं संसारात पडले, मला जे वाईट निरोप यायचे ते आले, आणि दर वेळी दार उघडायला मी घाबरतच पण स्वतः गेले. ते मी बाईंकडून शिकले, त्या दिवशी तांब्या घेऊन फाटकापाशी पोचले तेव्हा. तो शिपाई खाली बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. बाई थरथर कापत त्याच्यासमोर उभ्या होत्या. माझ्या हातातला तांब्या घेऊन त्यांनी त्याच्यापुढं धरला आणि म्हणाल्या, ‘पानी घ्या आदी. लय लांबनं आलासा.’