पाच सोन्याचे उंदीर

शमामे वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी वाचायला शिकली आणि सगळ्या गावासमोर तिने पहिल्यांदा जे वाचलं ते उंदरांविषयी होतं. कुर्दिस्तानातल्या झाखोहून इस्राएलात येऊन सोरेकच्या खोऱ्यात वसलेल्या आमच्या यहुदी गावात ही गोष्ट अजून सांगतात, आणि सांगताना सांगणाऱ्याची मान थोडी ताठ होतेच.

तिच्या जमिनीची पट्टी खोऱ्याच्या तोंडाशी होती. तिथून मान वर केली की बेत शेमेशचं जुनं टेकाड दिसायचं. पहिली तीन वर्षं त्या पट्टीत फक्त दगड पिकले. शमामे आणि तिचा नवरा मुर्दखाय, दोघांनी ते पाठीवरून वाहून बांधाला लावले. चौथ्या वर्षी गहू आला. सातव्या वर्षाच्या तोंडावर, सणांच्या आधीच्या महिन्यात, मुर्दखाय विहिरीवरून घरी आला, जरा पडतो म्हणाला आणि उठलाच नाही.

नेमकं पुढचं वर्ष जमिनीच्या विसाव्याचं होतं. सहा वर्षं कसायचं आणि सातव्या वर्षी जमीन मोकळी सोडायची, असा नेम. पण गावाच्या पोटाला तो परवडणारा नव्हता, म्हणून अनेक गावांसारखं आमच्या गावानेही जमीन वर्षभरासाठी कागदावर एका परधर्मीय माणसाला विकली, परक्याच्या जमिनीला नेम लागत नाही म्हणून, आणि पूर्वीसारखीच कसली. गावसमितीचा सब्तो विकायच्या जमिनींच्या मालकांची यादी करत होता. मेलेल्या माणसाचं नाव चालायचं नाही म्हणून त्याने मुर्दखायचं नाव खोडलं, आणि त्याजागी बायकोचं लिहायचं राहून गेलं. शमामेला कागदातलं काही कळत नव्हतं. शेजारी नांगरत होते, तिनेही नांगरलं.

ते वर्ष सुखरूप गेलं. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाऊस चांगला झाला, गहू गुडघ्याला लागला, आणि मग उंदीर आले. एका आठवड्यात पट्टीभर बिळं झाली. ताटं मुळाशी कुरतडलेली, वरून हिरवी दिसणारी, पण हात लावला की आडवी होणारी. सुरुवात शमामेच्या पट्टीपासून झाली. तिथून ते शेजारी झरीफेच्या शेतात गेले, मग सब्तोच्या, मग सगळ्यांच्याच.

कुणीतरी जुनी यादी काढून पाहिली: शमामेची पट्टी त्यात नव्हती, म्हणजे विसाव्याच्या वर्षी ती न विकताच कसली गेली होती. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या नळावर बायका शमामेला जागा देताना जरा जास्तच बाजूला सरकल्या.

हाखाम अलवान गावाचा धर्मगुरू. तो वाईट माणूस नव्हता. झाखोला बर्फाच्या दिवसांत तो सगळ्यांना पवित्र पुस्तकातल्या गोष्टी आपल्या बोलीत तोंडपाठ सांगायचा, आणि त्या अशा सांगायचा की ऐकणाऱ्याला बापजाद्यांचे वैरी पलिष्टी यांच्या चपलांना लागलेला चिखल दिसावा. आता त्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, पण गोष्टी तशाच चालू होत्या. दर शुक्रवारी शमामे त्याच्याकडे कुब्यांचं, म्हणजे खिमा भरलेल्या गोळ्यांचं, आंबट कालवण पोचवायची. उंदरांचा अर्थ विचारायला लोक गेले तेव्हा त्याने तो फार दुःखाने सांगितला. उंदीर मोशेच्या नियमात अशुद्ध आहे. यशया संदेष्टा त्याला डुकराच्या पंक्तीला बसवतो. आणि शमुवेलच्या पुस्तकात, याच खोऱ्यात, आपल्या बापजाद्यांच्या हातून पाप घडलं तेव्हा देवाने त्यांच्या गव्हावर उंदीर सोडले होते. ज्या शेतात नेम मोडतो, तिथून उंदीर निघतो.

समितीने ठरवलं की शमामेची पट्टी काढून घ्यायची, प्रायश्चित्त म्हणून वर्षभर पडीक ठेवायची आणि नंतर नव्याने संसार मांडणाऱ्या कुणाला तरी द्यायची. सब्तोच्या पुतण्याचं लग्न ठरलं होतं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नव्हतं. भाजी भरायच्या छपरात पंधरा दिवसांनी बैठक होती. तिथे हात वर झाले की संपलं. शमामेला कोंबड्या उरणार होत्या आणि बांधाचे दगड.

त्या वर्षी गावात तिर्झा नावाची एक मुलगी शिकवायला येत असे. खाकी कपड्यातली, हैफा शहराकडची, एकोणीस वर्षांची. सैन्याने अशा मुली गावोगाव पाठवल्या होत्या, बायकांना अक्षरओळख करून द्यायला. सहा जणींनी सुरुवात केली होती, तिघी उरल्या होत्या. पुस्तक लहान मुलांचं होतं. बाबा आले, आई आली, आजोबा बसले.

त्या दुपारी शमामेने पुस्तक मिटून ठेवलं. "बाबा आले ते आले," ती म्हणाली. "आता मला उंदीर वाचायचेत."

तिर्झाला वाटलं ही चेष्टा करते आहे. मग तिने सगळं ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या टाइपातलं पवित्र पुस्तक घेऊन आली. उंदीर या पुस्तकात फक्त तीन ठिकाणी येतो, ती म्हणाली. शमामेला हे खरं वाटेना. ज्याच्यावर हाखाम एवढं बोलतो, तो तीनच ठिकाणी?

पहिली जागा मोशेच्या नियमातली. एक ओळ वाचायला तिला अर्धी दुपार लागली. रांगणाऱ्या प्राण्यांच्या यादीत मुंगूस, सरडा यांच्यासारख्यांबरोबर उंदीर. खायचा नाही, मेलेल्याला शिवायचं नाही.

"एवढंच?" शमामे म्हणाली. "खायला कोण चाललंय त्याला?"

दुसरी जागा यशयाची. डुकराचं मांस आणि उंदीर खाणाऱ्यांचा शेवट होईल, असं तिथे होतं. तिने ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाली की इथे तर सगळं उलटंच आहे, उंदीरच मला खातोय.

तिसरी जागा शमुवेलची. ती लांब होती, आणि त्यात नऊ दिवस गेले. कणीक मळताना ती शब्द पुटपुटायची, खुराडं झाडताना पुटपुटायची. उंदराने कुरतडलेली भाकरी खाल्ली की शिकलेलं विसरतं, असं आमच्यात मानतात. झरीफे रोज कुंपणावरून विचारायची, "काय गं, भाकरीला दात लागलेत का बघून खातेस ना?" शमामे म्हणायची, माझ्या घरात उंदरांनी भाकरी सोडली आहे, त्यांना शेतातलं ताजं मिळतंय.

सातव्या दिवशी ती एका शब्दावर थांबली. बोट तिथेच ठेवून मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग तिर्झाकडे पाहिलं. तिर्झाला ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि तिने सांगितलं नव्हतं, याबद्दल शमामे तिला पुढे आयुष्यभर दुवा देत राहिली.

बैठकीला येऊन मी वाचून दाखवू का, असं तिर्झाने विचारलं. शमामे नको म्हणाली. "तू वाचलंस तर म्हणतील, शहरातली पोरगी, तिला काय, काहीही वाचेल. माझ्याबद्दल त्यांना ठाऊक आहे की मला येत नाही. म्हणून मीच वाचणार."

बैठक दुपारची होती. उलट्या पेट्यांवर पुरुष बसले होते, बायका दाराशी उभ्या. सब्तोने प्रस्ताव सांगितला, यादीचा कागद सगळ्यांना दिसेल असा वर धरला, आणि कुणाला काही म्हणायचं आहे का विचारलं. शमामे पुस्तक पोटाशी धरून पुढे आली.

सब्तो हसला. "मावशी, पुस्तक उलटं तर नाही ना धरलंस?"

"बाबा, ते तूच बघून सांग," ती म्हणाली. "यादीत कोण आहे आणि कोण नाही, ते तुला नीट दिसतं."

पेट्यांवर थोडी खसखस झाली. बाईने पुरुषांसमोर पुस्तक वाचावं का, यावर कुरबुर सुरू झाली. हाखाम अलवानने काठी जमिनीवर टेकली. माझे डोळे गेलेत, कान शाबूत आहेत, तो म्हणाला, वाचू दे तिला.

तिने बोट ओळीखाली ठेवलं. देवाचा कोश, नियमाच्या पाट्या ठेवलेली पवित्र पेटी, पलिष्ट्यांच्या देशात सात महिने होता, इथून सुरुवात. प्रत्येक शब्द दगड उचलल्यासारखा उचलून ती पुढच्याजवळ ठेवत होती. अडखळली की हाखाम सवयीने पुढचा शब्द पुरवायचा, पोरांना पुरवतात तसा. पलिष्ट्यांनी आपल्या पुजाऱ्यांना विचारलं, कोश परत पाठवायचा तर सोबत काय द्यायचं. पुजारी म्हणाले, पाच सोन्याच्या गाठी, रोगाने अंगावर उठल्या होत्या तशा, आणि पाच सोन्याचे उंदीर. हाखामचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. "तुमच्या गाठींच्या मूर्ती करा," तिने वाचलं, "आणि..." ती थांबली.

"तुमच्या उंदरांच्या," हाखामने पुरवलं, "देशाची नासाडी करणाऱ्या..."

आणि तोच अडखळला.

पुढचे शब्द शमामेने एकटीने वाचले, आणि या वेळी ती अडखळली नाही.

"कोण बोलतंय हे?" हाखामने हळू विचारलं.

"पलिष्ट्यांचे पुजारी."

"कुणाशी?"

"पलिष्ट्यांशी."

"मग उंदीर कुणाच्या शेतात होते?"

"पलिष्ट्यांच्या, हाखाम. आपल्या नाही. पुढे लिहिलंय, गाडी कोश घेऊन वर आली तेव्हा बेत शेमेशची आपली माणसं खोऱ्यात गहू कापत होती. त्यांचा गहू उभा होता."

हाखामने मान खाली घातली होती. "आणि पलिष्ट्यांवर उंदीर का आले?"

शमामेने पुस्तकातून बोट काढलं. हे तिला वाचायची गरज नव्हती. "दुसऱ्याची वस्तू उचलून आपल्या घरात नेऊन ठेवली म्हणून," ती म्हणाली. मग पेट्यांवरच्या सगळ्यांकडे वळली. "माझी पट्टी खुशाल घ्या. फक्त सोन्याचे पाच उंदीर घडवायला सोनार कुठून आणायचा, तेही आजच ठरवा."

दाराशी बायका हसल्या. सब्तो उठला. तो वाचता येणारा माणूस होता आणि त्याला तो अध्याय माहीत होता. "पुढचं वाच की," तो म्हणाला. "सोयीचं तेवढंच वाचून थांबू नकोस. बेत शेमेशच्या लोकांनाही देवाने मारलं, तिथेच लिहिलंय."

तिर्झा दाराशी उभी होती. तिचा चेहरा उतरला. तेवढा भाग दोघींनी एकदाच वाचला होता, शेवटच्या दिवशी, घाईत. पण शमामेने पान शोधलं, बोट ठेवलं आणि आधीपेक्षाही सावकाश वाचलं. होय, देवाने बेत शेमेशच्या माणसांना मारलं. कशासाठी मारलं तेही तिने वाचलं: त्यांनी कोशात डोकावून पाहिलं म्हणून.

"उंदरांनी मारलं नाही," ती म्हणाली. "आणि गव्हासाठी मारलं नाही. जे उघडून बघायचा त्यांना हक्क नव्हता, त्यात नाक खुपसलं म्हणून मारलं. माझ्या नवऱ्याला माती देऊन सात दिवस झाले नव्हते, सब्तो, तेव्हा तू नाव खोडलंस आणि माझं लिहिलं नाहीस. ते तू विसरलास, मी समजू शकते. पण आता देवाने माझा हिशेब कसा मांडलाय ते तू आत डोकावून बघतोयस. त्याचं झाकण तरी नीट लाव."

सब्तो उभा होता तो बसला. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, हेच त्याला जास्त लागलं असावं.

हाखाम अलवान काठीवर भार देऊन उठला. त्याला उठायला वेळ लागायचा, आणि तोवर सगळं छप्पर थांबून राहिलं.

"चाळीस वर्षं," तो म्हणाला, "मी ते उंदीर चुकीच्या शेतात सोडत होतो. झाखोमध्ये सोडले, इथे सोडले. गोष्ट रंगायची, म्हणून कुणी विचारलं नाही आणि मीही पुन्हा उघडून पाहिलं नाही. माझी चूक या बाईच्या डोक्यावर बसली." तो शमामेच्या दिशेला वळला, थोडा चुकीच्या बाजूला, मग तिच्या श्वासाच्या आवाजावरून नीट. "नाव यादीत लिहायला समिती चुकली. त्याचा दोष शेतकऱ्याकडे जात नाही. पट्टी तिची आहे. ज्याला हात वर करायचा आहे त्याने करावा, मला दिसणार नाही, पण मला कळेल."

एकही हात वर झाला नाही.

झरीफेने तोंडापुढे तळवा धरला आणि लग्नात देतात तशी लांब, थरथरती किलकारी दिली. दुसरीने ती उचलली, मग तिसरीने. पत्र्याचं छप्पर दणाणून गेलं. पुरुषांपैकी कुणी त्यांना थांबवलं नाही. शमामे मात्र पुस्तक मिटून उभीच होती, कारण तिचं बोलून झालेलं नव्हतं.

आवाज ओसरल्यावर तिने सांगितलं की देवाच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही, पण उंदीर काय खातो ते मी रोज बघते आहे. झाखोच्या पलीकडे माझे वडील बिळांच्या वरच्या तोंडातून पाणी सोडायचे आणि खालच्या तोंडाशी फावडं घेऊन उभे राहायचे. एकट्या शेताने ते केलं तर उंदीर शेजारी जातात. सगळ्यांनी एकाच सकाळी केलं तर जायला जागा राहत नाही.

"एकाच सकाळी म्हणजे कधी?" कुणीतरी विचारलं.

"उद्या," शमामे म्हणाली. "सुरुवात माझ्याकडून. आले तेही माझ्याकडूनच ना?"

दुसऱ्या दिवशी ऊन टेकाडावर चढायच्या आत अख्खं गाव खोऱ्याच्या तोंडाशी जमलं. फावडी, डबे, पिंपं, दोन गाढवं. हाखामला कुणीतरी खुर्चीवर आणून बसवलं होतं, आणि तो पाण्याचा आवाज ऐकून बिळं किती खोल आहेत ते सांगत होता. शमामे बांधावर, तिने आणि मुर्दखायने रचलेल्या दगडांवर उभी राहिली आणि बोटाने जागा दाखवू लागली. इथे तू, तिथे तू, तो कोपरा झरीफेचा. सगळ्यात शेवटी सब्तो आला, रिकाम्या हातांनी.

तिने खाली उतरून त्याच्या हातात दोन भरलेल्या बादल्या दिल्या आणि पट्टीतलं सगळ्यात मोठं बीळ दाखवलं.