लांब सोडलेल्या दशा

माझी मामी शालींच्या दशा वळायची. गिऱ्हाईक त्यांना झालर म्हणालं, की तिचं डोकं सणकायचं. "झालर वरून लावतात हो! या दशा आहेत, कापडाच्याच."

खरं आहे तिचं. मागावर कापड संपतं तिथे उभे धागे विणायचे राहतात, त्याच दशा. शब्द जुना, संस्कृतातला. दशा म्हणजे वस्त्राचा काठ. माणसाची दशा यातूनच आली का, ते पंडितांनी भांडून ठरवावं. मामी ते मोकळे धागे वळून गाठ मारायची, म्हणजे शाल उसवत नसे आणि देखणीही दिसे.

पुढे तिची बोटं आखडली, गाठी सैल पडू लागल्या. मी त्याच कारखान्यात शालींच्या घड्या घालायचे. गाठी गुपचूप ओढून घट्ट करायचे. बोटं गेली की घरी, असा मालकांचा खाक्या. मामा केव्हाच गेलेला. "हात चालतायत तोवर मुलाच्या ताटाखालचं मांजर होणार नाही," मामी म्हणायची.

अशात दशा लांब येऊ लागल्या, चांगल्या वीतभर. लांब धागा धरायला सोपा, मामीच्या गाठी पुन्हा बसू लागल्या. पण बाई खूश होईल तर शपथ! मागावर तिचा धाकटा दीर, म्हणजे माझा धाकटा मामा. तरातरा त्याच्यापुढे गेली, मागोमाग मीही.

"भावजी, दया दाखवायला मीच सापडले का?"

त्याने माग थांबवून इकडेतिकडे पाहिलं. "कसली दया, वहिनी! मला धड दिसतच नाही आता. आखूड ठेवायला गेलो की कात्री कापडात शिरते. कुणाला बोलू नका, पोरी शिकतायत अजून."

मामी आल्या पावली परतली.

संध्याकाळी मालक कडाडले, "एवढं सूत वाया? कुणाचे हे उद्योग?" धाकटा मामा मान खाली घालून उभा.

"माझे," मामी म्हणाली. "बोटं चालत नाहीत, म्हणून मीच भावजींना लांब सोडायला सांगितलं." माझ्यापासूनही पदराआड लपवलेली बोटं तिने सगळ्यांदेखत पुढे धरली.

मालकांनी तिला घरी पाठवलं. ती गेली तेव्हा मला रडू आवरेना. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मलाच बसवलं.

"तुला आखूड जमतील ना?" मालकांनी विचारलं.

मागाचा आवाज थांबला.

"छे हो," मी म्हटलं, "मी नवीन आहे. लांबच लागतील."