ट्रेलरच्या दोन टाक्या

त्या हिवाळ्यात माझा दिवस किटलीभर गरम पाण्याने सुरू व्हायचा, आणि ते पाणी चहाचं नसायचं. पायात बर्फाचे बूट, अंगात जाड कोट, हातात किटली अशी मी घराच्या बाजूला उभ्या असलेल्या आमच्या ट्रेलरपाशी जायची. ट्रेलर गाडीला जोडतात त्या टोकाला प्रोपेन गॅसच्या दोन टाक्या असतात, प्लास्टिकच्या झाकणाखाली. झाकण वर करायचं, टाकीच्या अंगावरून पाण्याची धार सोडायची, मिनिटभर थांबायचं आणि वरून खाली तळहात फिरवायचा. जिथपर्यंत पत्रा कोमट लागतो तिथपर्यंत टाकी रिकामी. जिथून गार लागतो तिथून खाली गॅस. मग दुसरी टाकी. मग झाकण लावून घरात. हे चाललेलं असताना ट्रेलरच्या आत माझा नवरा झोपलेला असायचा.

ऑक्टोबरमध्ये तो तिथे राहायला गेला. भांडण झालं नव्हतं. आमची भांडणं कधीच बंद झाली होती, आणि तेच वाईट होतं हे आता कळतं. एका संध्याकाळी मी डिशवॉशर भरत असताना तो म्हणाला, "मला कळत नाहीये, हे सगळं मला असंच पुढे हवंय का. लग्न, म्हणजे. थोडं एकटं राहून बघतो. थंडी संपली की सांगतो."

मी "बरं" म्हणाले आणि साबणाची वडी टाकून डिशवॉशर सुरू केला. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गाल आपला नसल्यासारखा होतो ना, तसं मला झालं होतं. दुखत नव्हतं. आहे की नाही हेच कळत नव्हतं. मिशिगनमध्ये थंडी नक्की संपते कधी, एवढं तरी विचारून घ्यायला हवं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

वेगळं अपार्टमेंट घ्यायचं तर चार लोकांना कळणार. आमच्या नोव्हाय गावात चार मराठी माणसांना कळलं की पुण्यात कळायला एक फोन पुरतो. ट्रेलर मात्र आपल्याच अंगणात. आमचं घर जुन्या वस्तीतलं, तिथे अंगणात काय ठेवायचं हे ठरवणाऱ्या असोसिएशनची कटकट नाही, म्हणून तर त्याने हौसेने ट्रेलर घेतला होता. उन्हाळ्यात आम्ही तो घेऊन तळ्याकाठी जायचो, त्यातल्या दोन बर्नरच्या शेगडीवर मी पोहे करायची आणि म्हणायची, "एवढं चांगलं घर सोडून चाकांवरच्या खोलीत स्वयंपाक करायला पैसे मोजतोय आपण." तो हसायचा.

मुलीला सांगितलं, बाबाला ऑफिसचं खूप काम आहे, त्याला शांतता लागते. ती दहा वर्षांची होती. ती "ओके" म्हणाली आणि रोज संध्याकाळी गणिताची वही घेऊन ट्रेलरमध्ये जाऊ लागली. तिला किती कळलं होतं हे मी कधी विचारलं नाही. पाणी गोठून पाइप फुटू नयेत म्हणून ट्रेलरमधलं पाणी बंद केलेलं होतं, त्यामुळे नवरा आंघोळीला गॅरेजच्या दाराने आमच्या बेसमेंटमध्ये यायचा आणि तिथूनच परत जायचा. बेसमेंटचा जिना चढून वर येत नसे. तेवढी एक सीमारेषा न बोलता आखली गेली होती.

वर यायचा तो फक्त रविवारी. रविवारी सकाळी सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल. आम्ही दोघं सोफ्यावर शेजारी बसायचो. तो हात सोफ्याच्या पाठीवर टाकायचा, माझ्या खांद्यापासून वीतभर लांब. फोनमध्ये ते खांद्यावर ठेवल्यासारखंच दिसतं.

"काय रे, बारीक दिसतोस," सासूबाई म्हणायच्या. "ही खायला घालत नाही का?"

"अगं, डाएट करतोय आई," तो म्हणायचा.

"दहा वेळा सांगते आई, ऐकत नाही तुमचा मुलगा," मी म्हणायची. माझा आवाज अगदी नेहमीसारखा यायचा. मलाच नवल वाटायचं. आम्ही त्यांना ताकास तूर लागू दिली नाही. कॉल संपला की तो उठायचा, "चल," म्हणायचा आणि जिना उतरून जायचा. सोफ्यावर त्याच्या बाजूचा खळगा हळूहळू वर यायचा, आणि मी ऑफिसच्या इमेल बघायला लागायची.

आता टाक्यांचं. ट्रेलरमध्ये ऊब येते ती फर्नेसमुळे आणि फर्नेस चालतो गॅसवर. गॅरेजमधून ओढलेल्या वायरवर इलेक्ट्रिक हीटर लावून बघितला, तर घराचा ब्रेकर पडायचा. दोन टाक्यांच्या मध्ये एक रेग्युलेटर असतो, त्याला छोटी काचेची खिडकी. वापरातल्या टाकीत गॅस असेल तर खिडकी हिरवी. ती टाकी संपली की रेग्युलेटर आपणहून दुसऱ्या टाकीवर जातो आणि खिडकी लाल होते. आतल्या माणसाला काहीच कळत नाही. ऊब येतच राहते. बाहेर येऊन खिडकी बघितली नाही तर दुसरीही संपते, आणि ती नेमकी सगळ्यात थंड दिवशी संपते, कारण थंडीत गॅस जास्त जळतो.

माझा नवरा गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. टाकीत पेट्रोल किती उरलं हे काट्याला कळवणारा जो पार्ट असतो, त्यावरच त्याने नोकरीतली सगळी वर्षं काढली. त्याने ट्रेलरच्या टाक्यांना खालून चुंबकाचे सेन्सर चिकटवले होते आणि आम्हा दोघांच्या फोनवर अ‍ॅप टाकलं होतं. स्वयंपाकघरातल्या सिंकपाशी उभं राहिलं की माझ्या फोनला ते सेन्सर सापडायचे आणि टक्के दिसायचे. पण ते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं होतं. बर्फ पडला की सेन्सर काहीही सांगायचे, सकाळी सत्तर टक्के, दुपारी नऊ. त्यापेक्षा मला आईची पद्धत खात्रीची वाटायची. अकोल्याच्या आमच्या ओट्याखालचा सिलेंडर आई ओल्या फडक्याने पुसायची आणि पाणी कुठपर्यंत पटकन वाळतं ते बघायची. इथल्या गारठ्यात फडकंच टाकीला चिकटून बसलं, म्हणून मी किटलीवर आले. पहिल्या आठवड्यात ओतलेल्या पाण्याचा टाक्यांखाली गुळगुळीत बर्फ झाला आणि मी त्यावर चांगली आपटले. तेव्हापासून घरातलं सगळं मीठ तिथे पडू लागलं.

पहिली टाकी डिसेंबरात संपली. सकाळी झाकण उचललं तर खिडकी लाल. दुसरीत मुळातच उन्हाळ्यातला उरलासुरला गॅस होता; तिच्यावरून पाणी सोडून हात फिरवला, तर गार पत्रा पार तळाशी लागला. रात्री हवा शून्याच्या बरीच खाली जाणार होती. आत पडदा ओढलेला, फर्नेसचा पंखा घुमत होता. त्या माणसाला पत्ताच नव्हता.

मी तिथे बराच वेळ उभी राहिले. काहीच न करणं सोपं होतं. किटली घेऊन आत जायचं, मुलीचा डबा भरायचा, ऑफिसला जायचं. रात्री कधीतरी पंखा नुसती गार हवा फेकू लागला असता, आणि तो उशी काखेत मारून बेसमेंटच्या जिन्याने वर आला असता. वर आला की मग राहिला असता. लोकांचे संसार याहून किरकोळ कारणांवर चालतात हे मला माहीत होतं. मी विचार केला आणि मला त्याचा राग आला. बऱ्याच आठवड्यांनी मला काहीतरी वाटलं होतं, म्हणून लक्षात आहे. गॅस संपला म्हणून वर आलेला माणूस मला नको होता. यायचं तर ऊब असताना ये. नाहीतर जा, पण गारठून येऊ नकोस.

मी रिकामी टाकी सोडवली, मागच्या सीटवर उभी ठेवली, तिला मुलीचा सीटबेल्ट बांधला आणि गावाबाहेरच्या शेतीसामानाच्या दुकानात नेऊन भरून आणली.

तेव्हापासून हा माझाच उद्योग झाला. मी डोळ्यात तेल घालून टाक्यांकडे बघायची. एक संपली की ती भरून आणायची, दुसरी संपायच्या आत. दुकानातला गॅस भरणारा माणूस मला ओळखू लागला. एकदा हातमोजे झटकत म्हणाला, एवढ्या थंडीत कॅम्पिंग करता तुम्ही? मी म्हणाले, नवऱ्याला आवड आहे. त्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. टाक्या आपोआप भरत नाहीत एवढं माझ्या नवऱ्याला कळत असणारच. त्याने कधी विचारलं नाही, मी कधी सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी.

जानेवारी असा गेला. फेब्रुवारीत शाळा थंडीमुळे बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा टाकी बघताबघता उतरायची. त्या काळात मला जास्तीत जास्त काय वाटलं असेल तर टाकी भरलेली असली की बरं वाटायचं आणि उतरली की घाई व्हायची. बाकी काही नाही. एक मैत्रीण गाडीत माझ्यासमोर तिच्या आईच्या आजारपणावरून रडली, मी तिला टिश्यू दिले, पाठीवरून हात फिरवला आणि मनात म्हटलं, आज दुकान किती वाजता बंद होतं?

मार्चमध्ये छपरावरचं पाणी ठिबकायला लागलं. आणि एक गोष्ट झाली, जी मी ठरवली नव्हती. टाकी उतरेनाशी झाली. फर्नेस आता पहाटेपुरता चालायचा. सकाळी हात फिरवला की गार पत्रा कालच्याच जागी लागायचा. चार महिने ज्यासाठी जीव टांगणीला लागला होता ते संकट टळलं होतं, आणि मला आत कुठेतरी धस्स झालं. थंडी संपत होती. थंडी संपली की सांगतो, असं तो म्हणाला होता. तो काय सांगेल याचा विचार मी पूर्ण हिवाळाभर केला नव्हता, कारण टाक्या होत्या. आता टाक्या नव्हत्या.

एकदा मुलगी वही घेऊन परत आली आणि बूट काढता काढता म्हणाली, "इज बाबा गोइंग टु मूव्ह आउट फॉर रिअल?"

"असं बाबा म्हणाला का?"

"नो. आय अ‍ॅम जस्ट आस्किंग यू."

"मला माहीत नाही गं," मी म्हणाले. तिला मी सांगितलेली ती पहिली खरी गोष्ट होती. ती मान हलवून वर गेली.

शनिवारी मी गरज नसताना दोन्ही टाक्या काढल्या आणि काठोकाठ भरून आणल्या. का, ते मला सांगता येणार नाही. हातांना सवय होती. टाक्या परत बसवताना मान वर केली तर पडदा बाजूला सारून तो खिडकीत उभा होता, हातात चहाचा कप. त्याने मला बघितलं. मी त्याला बघितलं. मी नळ्या जोडल्या, रेग्युलेटरची खिडकी हिरवी झाली, झाकण लावलं आणि घरात आले. रविवारी नेहमीसारखा सासूबाईंचा कॉल झाला. सोफ्यावर हात वीतभर लांबच होता.

सोमवारी संध्याकाळी बेसमेंटच्या जिन्यावर पावलं वाजली. रविवार नसताना ती वाजली म्हणून मी कणीक मळायची थांबले. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. खांद्याला कपड्यांची बॅग, काखेत उशी.

"गॅस संपला," तो म्हणाला.

"एक टाकी?"

"दोन्ही."

तो माझ्याकडे बघत नव्हता. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होता. त्याच्या मानेवरचे केस वाढले होते, कॉलवर ते कधी दिसले नव्हते.

"बघून येते," मी म्हणाले. हात धुतले, किटलीत पाणी तापवलं आणि कोट न घालता बाहेर गेले. बाहेर कोट लागतही नव्हता. खिडकी हिरवी होती. तरी मी धार सोडली आणि हात फिरवला. पत्रा अगदी वरपासून गार. दुसरीवर पाणी सोडलं. तीही वरपासून गार. परवा भरून आणल्या होत्या तशाच्या तशा.

खोटं बोलायला माणूस नोकरी, तब्येत, आई काहीही पुढे करतो. याने टाक्या पुढे केल्या. त्या भरलेल्या आहेत हे ज्या एकाच बाईला माहीत होतं, तिलाच तो संपल्या म्हणून सांगत होता. मी दोन्ही हात गार पत्र्यावर ठेवून उभी राहिले. आता रडू येईल असं वाटलं. आलं नाही. पण येऊ शकेल असं वाटलं, आणि तेवढंही किती दिवसांनी.

मी आत आले. तो अजून दारातच होता, उशीसकट. जिन्यावर वरती मुलगी कठड्याला धरून उभी होती.

"बघितलंस?" त्याने विचारलं.

"हो."

"संपलाय ना?"

"संपलाय," मी म्हणाले. "दोन्ही टाक्या रिकाम्या आहेत. आता भरत नाही मी."

मी कणकेची परात पुढे ओढली.

"बूट काढ," मी म्हणाले, "फरशी आत्ताच पुसलीये."