रानाला विचारलं, बियाण्याला नाही

गरोदर जावेची ओटी भरायची म्हणून मी ताटातला नारळ उचलला. सासूनं मनगटावर फटका मारला. नारळ घरंगळत उंबऱ्याला जाऊन थडकला.

"तू हात लावू नको. मुरमाड रान हाय तू. तिच्यावर तुझी सावलीबी नको."

औशातल्या त्या घरात गल्लीतल्या साऱ्या बाया बसल्या होत्या. मी मागच्या दारी जाऊन भांडी घासायला बसले. दुष्काळाचं साल. राखेनं घासायचं, ओल्या फडक्यानं पुसायचं. नखं हुळहुळेपर्यंत घासत राहिले.

माझे तीन गर्भ पडले होते. घर जमीनजुमल्याचं, मानाचं. सासरे चारचौघांत म्हणायचे, "बियाणं आमचं चोख. रानच वांझ निघालं." नवरा ऐकून घ्यायचा. विहीर आटली, तीही माझ्या पायगुणानं. बी.एस्सी. झालेली मी. तरी मीही ते खरं धरून चालले होते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. कचेऱ्यांवर नव्या पाट्या लागून राहिल्या होत्या. तिथल्या एका कॉलेजात, वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली. पगार घरात येणार, म्हणून जाऊ दिलं. रोज एस.टी.नं जायचे, यायचे.

तिथल्या मॅडम धर्माबादच्या. बियाण्यावर किरणं सोडायची, त्याच्या जनुकांत बदल घडवायचा आणि पुढच्या पिढीत काय उतरतं ते बघायचं, हे त्यांचं काम. कुंड्यांत तूर होती. झाडं हिरवीगार. पण कोवळ्या शेंगा सोलल्या की काही दाणे पांढरे, पोचट.

एकदा त्यांनी एकाच शेंगेतले दोन दाणे मला फोडायला लावले. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. चांगल्या दाण्यातल्या गर्भाला दोन दळं फुटू लागलेली. पांढऱ्यातला नुसता गोळा. तिथंच थांबलेला.

माझी नजर तिथून हलेना.

"माती खराब असंल, मॅडम."

"कुंडी एक, पाणी एक. अगं, शेंग एक! शेजारचा दाणा भरला ना?"

"मग?"

"जनुकात बिघाड आहे. एकाच बाजूनं आला तर गर्भ वाढतो. परागातून आणि बीजांडातून, दोन्हीकडून तोच आला तर अडतो."

"दोन्हीकडून?"

"हाव. दोन्हीकडून."

मला बसवेना. व्हरांड्यात येरझाऱ्या घातल्या. परत आत गेले अन् मॅडमना माझं सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, तुरीचं माणसाला तसंच लागू होत नाही, माणसात कारणं शंभर असतात, तपासावं लागतं.

तपासावं लागतं. इतकी वर्षं कोणी तपासलंच नव्हतं. नुसतं ठरवलं होतं.

थोड्याच दिवसांत सासऱ्यांनी जेवताना विषय काढला. "नायगावची पोरगी बघितली. आता रान बदलावं लागंल."

मी वाढत होते. पातेलं खाली ठेवलं.

"आधी तपासू. मी येते, ह्यांनीबी यावं."

नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मला काय झालंय? मी गडी हाय."

"लई तोंड चालवून राहिली," सासू ओरडली. "निघ इथून!"

"निघते. पण मी रान न्हाई. बाई हाय."

दोन लुगडी पिशवीत कोंबली. लातूरला खोली घेतली. माझ्या तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, तुमच्यात काही सापडत नाही, नवऱ्याला आणा. निरोप धाडला. तो आला नाही. अर्धं उत्तर अजून त्याच्याच अंगात आहे.

मग मी नायगावची गाडी धरली. घर शोधलं. पोरगी दारात जवारी पाखडत होती. बारावीही झाली नसेल. म्हटलं, "मी त्याची बायको. फारकत झालेली न्हाई. त्याला तपासून घे, मगच हो म्हण. न्हाईतर उद्या तुलाबी मुरमाड म्हणतील."

तिच्या बापानं मला हाकललं. दगड उचलला. मी मागं बघत बघत निघाले. पोरीचं सूप थांबलं होतं.

ते लग्न मोडलं. सासऱ्यांनी सांगून पाठवलं, आम्ही दुसरीकडं बघू.

बघा. तुमचा निरोप ज्या दारी जाईल, त्या दारी मी जाणार. दगड खाईन. सांगितल्याशिवाय परतणार नाही.