दारात काढलेले बूट

देवाशी मी बोलणं टाकलं होतं, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला मोठी भाविक समजायला नको. नवऱ्याच्या आजारपणात आमच्या ॲरिझोनातल्या चँडलरच्या घरात मी रोज जपाच्या अकरा माळा ओढल्या, नवस बोलले, तीस वर्षांची संकष्टी एकदाही चुकवली नाही. तरी आठ महिन्यांत तो गेला. मंडळातल्या मैत्रिणी समजावत राहिल्या, "अगं, देवावर असं रागवू नये." का रागवू नये? ज्याच्याकडे पदर पसरला त्याच्यावरच रागवायचं ना! मी हात जोडणं बंद केलं ते केलंच.

स्पेनमधली ख्रिस्ती यात्रेकरूंची ती पाचशे मैलांची पदयात्रा हे त्याचं स्वप्न होतं. चिप बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करताना त्यानं नकाशे जमवले होते आणि दोघांचे बूटही सेलमध्ये आणून ठेवले होते. त्याच्या जोडीचं लेबलसुद्धा निघालं नाही. दोन वर्षांनी मी माझी जोडी पायांत चढवली आणि लेकीला, ईशाला, म्हटलं, चल. पुण्यबिण्य मिळवायला मी निघाले नव्हते. देवा, तू त्याला चालू दिलं नाहीस ना, मग बघ, मी चालून दाखवते, एवढंच माझ्या मनात होतं.

वाटेवरच्या बुर्गोस शहरात पोचेपर्यंत माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली होती. बूट अर्ध्या नंबरानं लहान होते, पण त्यानं आणलेल्या बुटांना मी लहान म्हणायला तयार नव्हते. शेवटी ईशानं हुकूम सोडला, "उद्या रेस्ट डे. नो आर्ग्युमेंट, आई." सकाळी आम्ही नदीकाठच्या झाडांखालून रमतगमत गेलो, जुन्या वेशीच्या कमानीतून आत शिरलो आणि समोर ते प्रचंड कॅथेड्रल उभं राहिलं. दगडात कुणी लेस विणली असावी असे त्याचे मनोरे. ईशा तिकीट काढून आत गेली. मी म्हटलं, मी बाहेरच बरी. देवाच्या कुठल्याच घरात पाऊल टाकायचं नाही, असं मी ठरवलं होतं.

पण ऊन चढलं, पाय ठणकायला लागले आणि मागच्या गल्लीत एक लहानसं चर्च उघडं दिसलं. नुसतं बसायला म्हणून आत गेले. आत गारवा होता, मेणबत्त्यांचा वास होता आणि एक म्हातारी बाई वेदीवरची फुलं बदलत होती. बाकावर बसून अर्धा तास मी त्या परक्या मूर्तीला मराठीतून झाडलं. माझा आवाज चढला असावा, कारण म्हातारीनं वळून बघितलं. रडलेही. मग बाहेर आले, तर पायरीवर माझे बूट नव्हते. ते मी आत शिरताना काढले होते, हेसुद्धा मला तेव्हाच कळलं. साठ वर्षांची सवय! मी देवाशी अबोला धरला होता, पण पायांना ते कुणी सांगितलंच नव्हतं.

मोज्यांवरच मी गल्लीभर शोधलं. तेवढ्यात ईशा आली आणि तिनं कपाळाला हात लावला. "आई, हू टेक्स देअर शूज ऑफ आउटसाइड अ चर्च? सीरियसली!" मग माझा चेहरा बघून हळूच म्हणाली, "मेबी धिस इज अ साइन. लेट्स गो होम."

"साइनबिन काही नाही," मी ओरडलेच. "आधी बाबांना नेलं, आता त्यांनी आणलेले बूटही हवेत देवाला! अनवाणी जाईन, पण जाईन."

आरडाओरडा ऐकून म्हातारी बाहेर आली. ईशा ॲरिझोनात वाढलेली, तिचं स्पॅनिश तिच्या मराठीपेक्षा चांगलं. दोघी बोलत होत्या आणि ईशाचा चेहरा बदलत होता. त्या पायरीवर यात्रेकरू आपल्याला नको असलेलं सामान ठेवून जातात आणि ज्याला गरज असेल तो ते उचलतो, अशी तिथली रीत. म्हणजे चोरी झालीच नव्हती. मी आत भांडत असताना म्हातारी सुकलेली फुलं टाकायला बाहेर आली होती, तेव्हा माझ्याच वयाची एक कोरियन बाई पायरीशी उभी होती. तिच्या बुटाचा तळ सुटून लोंबत होता, आणि ती यात्रा सोडून बस पकडायला निघाली होती. माझे बूट तिला बरोब्बर बसले. पायरीवर डोकं टेकून ती ढसाढसा रडली आणि पुन्हा चालायला लागली.

"शी मस्ट बी निअरबाय," ईशा म्हणाली. "मी पळत जाऊन घेऊन येते."

मला ते बूट हवे होते. आजवर दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं. पण मी ईशाचा हात धरून ठेवला. ती बाई चालत होती. कुणाचं तरी गाऱ्हाणं ऐकलं गेलं होतं, आणि तेही माझ्या पायांतले बूट काढून घेऊन. "नको," मी म्हटलं, "जाऊ दे तिला." आणि मग तिथेच बसून मी ओक्साबोक्शी रडले, नवरा गेला तेव्हासुद्धा इतकी रडले नव्हते.

म्हातारीनं माझे मोजे काढले, नखं बघून चुकचुकली आणि आतून कुणीतरी सोडून गेलेल्या, पुढून उघड्या सँडल आणल्या. त्या सँडलवर मी शेवटपर्यंत चालले. पायांना एकही फोड आला नाही. हा चमत्कार की योगायोग, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

देवाचे उपकार मी मानते, पण राग अजून आहे आणि तो त्याच्या तोंडावर सांगते. बूट मी दिले नव्हते, ते मला न विचारता गेले, जसा माझा माणूस गेला. फक्त या वेळी मागाहून का होईना, त्यानं ईशाच्या तोंडून मला विचारलं, परत हवेत का? आणि मी, माझ्या तोंडानं, नको म्हणाले.